डोळे मिटून ऐकलेली गोष्ट

(दृश्य : आल्प्समधल्या शामोनीजवळची हिमनदी, दुपारचा फिकट उजेड)

हिमनदीवर दोघं समोरासमोर उभे आहेत. एक घडवणारा, दुसरा त्यानं घडवलेला. घडवणारा ओरडतो, माझ्या नजरेसमोरून चालता हो. त्यावर तो आठ फुटी जीव पुढे येतो आणि आपले हात त्याच्या डोळ्यांवर ठेवतो. आता मी दिसत नाही ना? मग ऐक तरी, असं त्याचं म्हणणं. घडवणारा, म्हणजे व्हिक्टर, ते हात झिडकारतो. पण मग एका झोपडीत, शेकोटीपाशी बसून, ऐकतो.

हा प्रसंग ज्यातला, ती मेरी शेलीची कादंबरी ‘फ्रँकेन्स्टाईन’ १ जानेवारी १८१८ रोजी लंडनमध्ये निघाली. तीन खंड, ५०० प्रती, लेखिकेचं नाव नाही. ती तेव्हा वीस वर्षांची होती. फ्रँकेन्स्टाईन हे आडनाव घडवणाऱ्याचं. घडवलेल्याला कादंबरीभर कुणी नावच देत नाही.

तिनं गोष्ट कशी रचली ते पाहा. पहिल्या खंडात व्हिक्टरच्या लहानग्या भावाचा, विल्यमचा, खून होतो आणि घरातली निरपराध मोलकरीण जस्टीन फासावर जाते. वाचकाच्या मनात राग पुरता भरतो. त्यानंतर, दुसऱ्या खंडात, खरा आरोपी, म्हणजे तो घडवलेला जीव, बोलू लागतो. क्रम उलटा असता तर दया सहज आली असती, पण खुनाची बातमी कळताच ती टिकली नसती.

(दृश्य : फळ्यांची भिंत, त्यातली बारीक फट)

द लेसी नावाच्या एका गरीब कुटुंबाच्या घराला लागून असलेल्या खोपटात तो जीव लपतो आणि फटीतून त्यांना पाहतो. आग, दूध, भाकर, लाकूड हे त्याचे पहिले शब्द. तो त्यांचं अन्न चोरायचा. हीच माणसं उपाशी राहतात हे कळल्यावर चोरी थांबवतो, कंदमुळांवर भागवतो आणि रात्री सरपण आणून दाराशी टाकतो. सकाळी ती मोळी पाहून घरातली माणसं चकित होतात. संपूर्ण पुस्तकात इतकं हळवं दुसरं काही नाही.

घरातला म्हातारा आंधळा आहे. बाकीचे बाहेर गेलेत असं पाहून तो आत जातो. म्हातारा त्याच्याशी आपुलकीनं बोलतो. मला तुझा चेहरा दिसत नाही, पण तुझ्या बोलण्यात खरेपणा वाटतो, असं सांगतो. तेवढ्यात दार उघडतं. म्हाताऱ्याची मुलगी अगाथा हिला भोवळ येते, मुलाची प्रेयसी साफी पळ काढते, मुलगा फेलिक्स काठीनं मारत सुटतो. याच्या अंगात त्याला फाडून टाकण्याएवढं बळ आहे. तो हात उचलत नाही.

पुढे तो बुडत्या मुलीला वाचवतो आणि खांद्यात गोळी खातो. मग विल्यम भेटतो. एवढ्या लहान पोराच्या मनात अढी नसेल, या आशेनं तो त्याला धरतो. पोरगं डोळ्यांवर हात घेऊन किंचाळतं, आणि त्याच्या हातून मरतं. त्या खुनाला लेखिका कुठंही माफी देत नाही.

२८ जुलै १८२३ रोजी लंडनच्या रंगभूमीवर ही कथा आली. जाहिरातीत त्या जीवाच्या नावाच्या जागी नुसत्या रेघा होत्या. मेरीला ते आवडलं. पण नाटकात तो मुका केला होता. वाचा गेल्यावर द लेसींच्या घरातल्या त्या संवादाला जागा कुठून राहणार? उरतं ते केवळ रूप, ज्याला सगळे भीत होते तेच.

(दृश्य : बर्फात अडकलेलं जहाज)

कादंबरीच्या अखेरीस व्हिक्टर मरतो. जहाजाचा प्रमुख वॉल्टन केबिनमध्ये शिरतो, तर तो महाकाय जीव प्रेतावर वाकलेला. ते तोंड पाहून वॉल्टनचे डोळे आपोआप मिटतात. आणि डोळे मिटलेले असतानाच तो त्या जीवाला थांबायला सांगतो.