गाडी एकच, ब्रेक मात्र वर्षागणिक वेगळे

हे दोन व्हील सिलिंडर, म्हणजे ऑइलच्या दाबाने चाकातला ब्रेक दाबणारे भाग, पहिल्या रांगेतून फिरवायला देतोय, हातात घेऊन नीट बघा. बोल्टची भोकं सारखी, पाइप लागतो ती जागा सारखी, हवा काढायचा निपल सारखा, एकाच गाडीच्या मागच्या चाकाच्या बॅकप्लेटवर, म्हणजे ब्रेकचे भाग धरणाऱ्या पत्र्यावर, दोन्ही बिनतक्रार बसतात. पण एकाचं आतलं भोक १९.०५ मिलिमीटर आहे आणि दुसऱ्याचं १५.८७. तीन मिलिमीटरनी काय होतंय असं वाटतं ना, मलाही आधी तसंच वाटायचं. पण जोर ठरतो क्षेत्रफळावर आणि क्षेत्रफळ वाढतं व्यासाच्या वर्गाने, त्यामुळे ऑइलचं प्रेशर तेवढंच असताना मोठ्या भोकाचा सिलिंडर ब्रेक शू ४४ टक्के जास्त जोराने ड्रमवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्यावर आतून दाबतो.

आता ब्रेक मारला की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात, आणि नेमक्या त्या हलक्या चाकांवर आपण ४४ टक्के जास्त जोर लावून ठेवलाय. चाक लॉक होतं, मागची बाजू फिरायला लागते, आणि ओल्या रस्त्यावर हे इतकं पटकन होतं की स्टिअरिंग सावरायला वेळच मिळत नाही. पार्ट नवा कोरा, फिटिंग बरोबर, कुठे गळती नाही, तरी गाडी धोकादायक! माझं आजचं सगळं बोलणं याच एका गोष्टीभोवती आहे: पार्ट बसला म्हणजे तो त्या गाडीचाच आहे असं होत नाही.

मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा सिलिंडर, त्याचंही तेच, फक्त उलट्या दिशेने. मास्टर मोठ्या भोकाचा घातला तर पेडल छान कडक लागतं, कमी खाली जातं, आणि माणूस खूश होतो की वा, ब्रेक सुधारले. खरं म्हणजे प्रेशर कमी झालेलं असतं, पाय जास्त जोरात दाबावा लागतो. कडक पेडल म्हणजे चांगला ब्रेक हा समज फार घट्ट बसलाय आपल्या डोक्यात.

कंपन्या असे बदल का करतात तर कारणं साधीच असतात, इंजिन मोठं झालं, चाकाचा साइज बदलला, नियम बदलले, सप्लायर बदलला. बाहेरून पत्रा तोच राहतो म्हणून आपल्याला कळत नाही. मिनी या ब्रिटिश गाडीचं उदाहरण घ्या. १९५९ ला आली तेव्हा चारही चाकांना ७ इंची ड्रम. १९६१ च्या मिनी कूपर मॉडेलला पुढे ७ इंची डिस्क, म्हणजे पॅडने दोन्ही बाजूंनी दाबली जाणारी चकती, १९६३ च्या कूपर एसला साडेसात इंची. साध्या मिनीला ड्रमच राहिले, पण १९६४ मध्ये पुढच्या ड्रममध्ये दोन्ही शू लीडिंग केले. मग १९८४ मध्ये सगळ्यांनाच पुढे ८.४ इंची डिस्क आणि त्यासाठी चाकं १० इंचांची १२ इंच. म्हणजे ती मोठी डिस्क आवडली म्हणून जुन्या मिनीत घातली तर जुनं १० इंची चाकच चढत नाही.

दोन्ही शू लीडिंग म्हणजे काय ते जरा सांगतो, कारण इथे चूक फार होते. लीडिंग शू ड्रमच्या फिरण्याबरोबर स्वतःच ड्रमवर ओढला जातो, त्यामुळे कमी दाबात जास्त ब्रेक लागतो. पण ही रचना एका दिशेपुरतीच असते. डावी प्लेट उजवीकडे लावली की पुढे जाताना दोन्ही शू ट्रेलिंग होतात, म्हणजे ड्रम त्यांना ओढण्याऐवजी मागे ढकलतो, आणि ब्रेक कितीही दाबा, गाडी थांबायचं नाव घेत नाही. जुन्या रचनेत एक लीडिंग एक ट्रेलिंग, तिथे एवढा फरक पडत नाही, म्हणून जुन्या गाडीवर हात बसलेला माणूस नव्यावर फसतो.

फोक्सवॅगनच्या बीटल गाडीत तर आणखी गंमत आहे, एक्सपोर्ट मॉडेलला १९५० पासून हायड्रॉलिक ब्रेक, आणि स्टँडर्ड मॉडेलला १९६२ पर्यंत केबलचे! म्हणजे वर्ष तेच, गाडी तीच, आणि एकीत मास्टर सिलिंडर आहे, दुसरीत नाहीच. म्हणून नुसतं वर्ष सांगून पार्ट मागवू नका, चेसिस नंबर सांगा. कागदावर असते ती रजिस्ट्रेशनची तारीख, गाडी त्याच्या आधी कित्येक महिने बनून उभी असू शकते.

आता माझा अनुभव. एक जुनी गाडी माझ्याकडे आली, पेडल स्पंजसारखं. दोन दिवस ब्रेकच्या पाइपातली हवा काढत होतो, बाटलीभर ऑइल गेलं, बुडबुडे थांबले तरी पेडल तसंच मऊ. शेवटी चाक काढून खाली बसून नुसता बघत राहिलो तेव्हा दिसलं की कॅलिपरचा, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा, निपल खालच्या बाजूला आहे. त्या गाडीच्या जुन्या मॉडेलमध्ये कॅलिपर डिस्कच्या पुढे असतो आणि नंतरच्या मॉडेलमध्ये मागे, आणि आधी कुणीतरी नंतरच्या मॉडेलचे कॅलिपर आणून जुन्या जागी, डावा डावीकडे आणि उजवा उजवीकडे, असे सरळ बसवले होते. जागा बदलली की वरची बाजू खाली येते. हवा वर जाते, निपल खाली, मग ती निघणार कुठून? कॅलिपर उतरवला, पॅडच्या मधे लाकडाचा तुकडा धरला, निपल वर येईल असा फिरवला आणि निपल सैल केल्याबरोबर फुस्सकन हवेचा मोठा फुगा आला. तो आवाज अजून कानात आहे. पण तेवढ्यावर गाडी दिली नाही, त्या मॉडेलचे बरोबर कॅलिपर मिळेपर्यंत ती उभीच ठेवली, कारण पिस्टनचा साइजही वेगळा निघाला.

पाइपच्या नटांचं थोडक्यात सांगतो. जुन्या गाड्यांना इंची आटे, नंतरच्यांना मेट्रिक. ३/८ इंचाचा नट म्हणजे साडेनऊ मिलिमीटर, तो १० मिलिमीटरच्या भोकात तीन-चार आटे आरामात जातो, मग थोडा जड लागतो आणि वाटतं घट्ट झाला. खरं तर आट्यांची फक्त टोकं एकमेकांना धरून असतात. जोरात ब्रेक मारला की सुटू शकतो. नट शेवटपर्यंत बोटांनी फिरला पाहिजे, पाना फक्त शेवटच्या आवळण्याला.

आणि ऑइल. सित्रोएन डीएस या फ्रेंच गाडीमध्ये ब्रेक, सस्पेन्शन सगळं एकाच हायड्रॉलिकवर चालायचं. आधी त्यात लाल ऑइल होतं, सप्टेंबर १९६६ पासून हिरवं मिनरल ऑइल आलं आणि त्या सिस्टिमचे पार्ट हिरवे रंगवायला लागले. गाडी दिसायला तीच, पण लालवाल्यात हिरवं किंवा हिरव्यात लाल घातलं की रबर सील फुगून खराब होतात, आणि मग सगळी सिस्टिम खोलण्याशिवाय इलाज राहत नाही.

म्हणून जुना पार्ट टाकून देऊ नका, नवा त्याच्या शेजारी ठेवा, व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी घ्या, भोक मोजा, डिस्कची जाडी मोजा, डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा आणि ड्रमवर जास्तीत जास्त व्यासाचा आकडा बहुतेक वेळा कोरलेला असतो तो वायर ब्रशने घासून वाचा. आणि डावं-उजवं दोन्ही एकदम, एक्सलवर जोडी एकसारखीच.

प्रश्न घेऊ या आता. पण ते दोन सिलिंडर आधी पुढे पाठवा, त्यातला बारीक भोकाचा मला उद्या सकाळी एका गाडीत बसवायचाय.