विहिरीला पाणी आहे, पण...

(दृश्य: उन्हाळ्याची सकाळ. दर्यापूर भागातली एक विहीर. काठावर वाळलेला पांढरा थर.)

हे मीठ कोणी आणून टाकलेलं नाही, पाणी उडून गेलं आणि मागे राहिलं ते हे.

पूर्णा नदी सातपुड्यातून निघते आणि चांगदेवला तापीला मिळते. वाटेत अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांत तिच्या गाळाचा जाड थर पसरलाय. जमीन सपाट, निचरा मंद, ऊन कडक. त्यामुळे क्षार वाहून न जाता इथेच साचत राहिले. म्हणून या भागाचं नावच पडलं खारपाणपट्टा.

(दृश्य: बाटलीत नमुना घेणारे हात.)

नमुना घेण्याआधी पंप थोडा वेळ चालू ठेवायचा, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची. जंतूंच्या तपासणीसाठी मात्र निर्जंतुक बाटली वेगळी, ती विसळायची नाही. घाई केली तर चाचणी विहिरीची न होता बाटलीची होते.

पिण्यासाठी भारतीय मानक सांगतं : विरघळलेले क्षार लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्यावेत. नायट्रेटला मात्र 45 च्या वर सवलत नाही. खारटपणा जिभेला कळतो, नायट्रेट कळत नाही. म्हणून पाणी गोड लागलं तरी तपासायलाच हवं.

शेताचा हिशेब वेगळा. तिथे आधी विद्युतवाहकता बघतात, म्हणजे पाण्यातून वीज किती सहज वाहते ते; क्षार जास्त तितकी ती जास्त. ती सेंटिमीटरला 2250 मायक्रोसीमेन्सच्या वर गेली की पाणी फार खारं. पण खरा घात सोडियम करतो. कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या मानाने तो जास्त झाला की मातीचे कण सुटे होतात, छिद्रं बुजतात. पावसात रान चिखलतं, उन्हात दगडासारखं होतं. शेतकरी म्हणतात, जमीन चोपण झाली. सोडियमचं हे गुणोत्तर 10 च्या आत असलं की पाणी बऱ्याच जमिनींना चालतं, पण फुगणाऱ्या-आकसणाऱ्या काळ्या मातीला त्याहून कमी सोडियमही बाधतो. आम्हाला वाटतं, या पट्ट्यात नुसती क्षारांची बेरीज बघून बोअरचा सल्ला देऊ नये.

(दृश्य: हरभऱ्याचं शेत, बाजूला शेततळं.)

इथला हरभरा बहुतेक पावसाच्या मुरलेल्या ओलीवर येतो. एखादं पाणी द्यायचंच झालं, तर ते शेततळ्यातलं. विहीर बाजूलाच आहे, काठोकाठ भरलेली. तिच्यावर मोटर बसवलेली नाही.