मागून चालायचं, बोलायचं नाही

(दृश्य: सकाळची तलावपाळी. काठाला बांधलेल्या होड्या.)

ठाण्याचा मासुंदा तलाव, म्हणजेच आपली तलावपाळी. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात जमिनीवरचा एक किलोमीटर दोन सेंटिमीटरमध्ये बसतो. त्या हिशेबानं हा अख्खा तलाव करंगळीच्या नखाएवढा. त्यात बाक कुठं, सावली कुठं, हे दिसणं शक्यच नाही. नववीच्या या मुलांनी नेमकं तेच कागदावर आणायला घेतलं आहे.

(दृश्य: वर्ग. भिंतीला बांधलेली दोरी, चिमट्यांना लटकलेले नकाशे.)

नकाशे तयार झाले, दोरीवर चढले. आता मुलांनीच एकमेकांचे नकाशे तपासायचे. पहिल्या दिवशीच्या चिठ्ठ्या बघा. ‘छान’. ‘मस्त’. ‘रंग भारी’. एकावर ‘अक्षर घाण’. ‘छान’ वाचून नकाशा काढणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. ‘घाण’ वाचून तर तो कागद गुंडाळून दप्तरात टाकतो. शीर्षक, दिशा, सूची, प्रमाण या चारही गोष्टी प्रत्येक नकाशात होत्या. पुस्तकाप्रमाणे बघितलं तर सगळे पास.

म्हणून बाईंनी चिठ्ठी बदलली. आधी लिहायचं, या नकाशावरून मला काय कळलं. मग, मी कुठं अडलो. आणि शेवटी एखादी सूचना, तीही ‘असं करून बघशील का’ अशा शब्दांत. पहिली ओळ रिकामी असेल तर बाकीची चिठ्ठी बाई वाचतच नाहीत. आम्हाला हे फार पटलं. नकाशा नीट वाचलाच नसेल, तर त्यातली चूक सांगायचा हक्क कुठून येणार?

(दृश्य: तलावपाळी, भर दुपार. हातात झेरॉक्स घेतलेला मुलगा. चार पावलं मागे एक मुलगी.)

आता तपासणी वर्गाबाहेर. पुढे चालतोय तो नकाशा वाचणारा. मागची, नकाशा काढणारी. तिला एकच नियम: बोलायचं नाही. नकाशा लोकांच्या हातात जाईल तेव्हा समजावून सांगायला ती सोबत नसणार.

शीर्षक आहे ‘दुपारी बाराची सावली’. कोपिनेश्वर मंदिरापासून तो निघाला. थोडं पुढं जाऊन थांबला. कागद फिरवला. पुन्हा फिरवला. एका ठिपक्यावर बोट ठेवून तिकडे गेला, तर समोर झाड नाही, बाक. तोही उन्हात.

(दृश्य: मुलीचा चेहरा. इथे दहा सेकंद निवेदन नाही.)

मूळ नकाशात झाडं हिरव्या ठिपक्यांची, बाक तपकिरी ठिपक्यांचे. झेरॉक्समध्ये दोन्ही करडे. त्याची चिठ्ठी अशी: ‘तू बाराचीच सावली दाखवणार हे शीर्षकातच कळलं, म्हणून काय शोधायचं ते मला माहीत होतं. झाड आणि बाक मात्र सारखेच दिसले, मी दोनदा चुकलो. झाडाला गोल आणि बाकाला चौकोन करून बघशील?’

(दृश्य: पावलं मोजत चालणारी दुसरी मुलगी. पायांचा जवळून शॉट.)

ही अंतर तपासतेय. स्वतःचं पाऊल तिनं आधीच पॅसेजमध्ये टेप लावून मोजलंय. याच नकाशावर लिहिलंय, १ सेंमी = २० मीटर. पट्टीनं मोजलेलं अंतर ५ सेंटिमीटर, म्हणजे १०० मीटर. चालून भरलं १४० च्या आसपास. तिला वाटलं पाऊलच चुकलं. परत गेली, परत मोजलं. पुन्हा तेच.

घोटाळा झेरॉक्सच्या दुकानात झाला होता. ए-थ्रीचा कागद ए-फोरवर घेतला की प्रत्येक रेष ७१ टक्क्यांवर येते. लिहिलेले आकडे मात्र तसेच राहतात. आता १ सेंटिमीटर म्हणजे २० नव्हे, साधारण २८ मीटर. शब्दांऐवजी खाली रेषाप्रमाण, म्हणजे मीटरच्या खुणा केलेली रेष, काढलं असतं तर नकाशाबरोबर तेही लहान झालं असतं आणि अंतर बरोबर निघालं असतं. हा मुद्दा पुस्तकात आहे. या मुलीनं तो भर उन्हात दोनदा चालून शोधला. तिनं लिहिलं: ‘तुझं मोजमाप बरोबरच असणार, कागद लहान झालाय. खाली रेष काढशील का?’

(दृश्य: दोरीवर नवे नकाशे.)

आठवड्याभरात बहुतेकांनी नकाशे पुन्हा काढले. दोन गटांचे राहिले, परीक्षा तोंडावर होती.

(दृश्य: वर्ग, संध्याकाळचा उजेड.)

सावलीचा नकाशा काढणारी ती मुलगी. समोर दुसऱ्याचा नकाशा, कचराळी तलावाभोवतीच्या चालण्याच्या वाटेचा. चिठ्ठीवर ती ‘छान’ लिहिते. खोडते. नकाशा जवळ ओढते आणि वाटेवरून हळूहळू बोट फिरवू लागते.