रेडिओ बंद ठेवायची नोकरी

नमस्कार, श्रोतेहो. बोलावलंय रेडिओवर, आणि मी सांगणार आहे रेडिओ बंद ठेवण्याबद्दल.

मी पुण्याचा. कोथरूडच्या एमआयटीत पेट्रोलियम इंजिनिअरिंगला गेलो, तेव्हा मावशीची समजूत होती की भाच्याला पेट्रोल पंप मिळणार. मिळाली ती एका मोठ्या ऑइलफील्ड सर्व्हिस कंपनीतली नोकरी. या कंपन्यांच्या मालकीचं तेल थेंबभरही नसतं. विहीर दुसऱ्याची, आपण तिथे जाऊन मोजमाप करायचं, सिमेंट भरायचं, बिल लावायचं. 5 सप्टेंबर 1927 ला फ्रान्समध्ये पेशेलब्रॉनला श्लुंबर्जे बंधूंच्या माणसांनी तारेवर उपकरण सोडून विहिरीतल्या खडकाचा विद्युत रोध मोजला. माझं वायरलाइनचं, म्हणजे तारेवर उपकरणं विहिरीत सोडायचं, काम त्याच घराण्यातलं.

या कामात निम्मा वेळ जातो वाट बघण्यात. सकाळी सहाचा जॉब म्हणून बाडमेरच्या वाळूतून धावत रिगवर, म्हणजे विहिरीवरच्या यंत्रांच्या सांगाड्यापाशी, पोचावं, तर विहिरीतून अजून पाइपच काढताहेत. मग ट्रकमध्येच आडवं व्हायचं. रात्री दोनला कोणीतरी काचेवर टकटक करतो, ‘सर, वेल रेडी.’ झोप झालेली असो नसो, आकडा चुकता कामा नये.

सगळ्यात धास्तीचा जॉब परफोरेशनचा. विहिरीत केसिंग, म्हणजे पोलादी नळाचं अस्तर, बसवून मागे सिमेंट भरलं की तेलाला आत यायला वाटच उरत नाही. म्हणून स्फोटकांची गन तारेवर खाली सोडून केसिंगला भोकं पाडायची, तीही नेमक्या खोलीवर. दोन-तीन मीटरचा फरक पडला तरी तेलाऐवजी पाणी हाती यायचं. ही स्फोटकं पेटवणारे आमचे जुने डिटोनेटर विजेवर उडणारे. भटका विद्युतप्रवाह किंवा जवळचा वायरलेस त्यांना चालत नाही. गनला डिटोनेटर जोडायच्या आधी वेल्डिंग थांबतं, वॉकीटॉकी बंद, मोबाईल बंद. गन पुरेशी खोल जाईपर्यंत रिगवर सगळे खुणेनं बोलतात. गन वर येताना पुन्हा तेच. एरवी कानठळ्या बसवणाऱ्या त्या जागी तेव्हा विंचवर फिरणाऱ्या तारेची कुरकुर तेवढी ऐकू येते. मला ती शांतता आवडायची, खोटं कशाला बोलू.

जानेवारी 2016 मध्ये कच्च्या तेलाचा भाव पिंपाला तीस डॉलरच्याही खाली आला. दीड-दोन वर्षांपूर्वी तो शंभराच्या वर होता. पंपावरचा भाव काही त्या मानानं उतरला नाही, ते आपण सगळ्यांनी पाहिलंच. आमच्याकडे मात्र थेट माणसं उतरली. रोटेशनवर, म्हणजे पाळीच्या सुट्टीवर, घरी गेलेला सहकारी परत यायचाच नाही. त्याचा हेल्मेटचा खण रिकामा दिसला की आम्ही समजायचो.

माझी पाळी आली त्या दिवशी परफोरेशनच होतं. गन वर आली. भोकं पडलेली ती नळी मी हात फिरवून तपासली. आतली सगळी स्फोटकं उडाली होती. ट्रकमागे जाऊन मोबाईल सुरू केला. ऑफिसचे चार मिस्ड कॉल. उलट फोन लावला. पलीकडच्या मुलीचा आवाज अगदी नम्र होता. तिनं आधी विचारलं, ‘सर, जॉब सेफ झाला ना?’

मी म्हणालो, ‘हो, झाला.’