हाडांवर चाललेला खटला

[दृश्य : जुने गोवे. मांडवीचा काठ, पलीकडे दिवाडी बेट.]

४ डिसेंबर १५८०. जुन्या गोव्यात इन्क्विझिशनने, म्हणजे पाखंड शोधणाऱ्या चर्चच्या न्यायपीठाने, एका मेलेल्या माणसाला शिक्षा दिली. कबर उकरून त्याची हाडे बाहेर काढली आणि जाळली. तो वारला होता १५६८ मध्ये.

त्याचे नाव गार्सिया द ओर्ता. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर उपचार करणारा हा पोर्तुगीज वैद्य. मुंबई बेट पोर्तुगीज राजाकडून त्याला पट्ट्याने मिळाले होते. हिंग, भांग, अफू, आंबा अशा इथल्या जिनसांवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. पटकीच्या रोग्याचे वर्णन युरोपने त्यात वाचले.

आणि गुन्हा? घराणे मूळचे ज्यू. १४९७ मध्ये पोर्तुगालने आपल्या ज्यूंना सक्तीने बाप्तिस्मा दिला. तेव्हापासून ही माणसे आणि त्यांची मुलेबाळे 'नवे ख्रिस्ती' म्हणून ओळखली जाऊ लागली. चर्चमध्ये जायचे, पण घरात ज्यूंसारखा शनिवार पाळतात का, यावर शेजाऱ्यांची नजर. गार्सिया वारल्यावर त्याची बहीण कातारिना पकडली गेली आणि २५ ऑक्टोबर १५६९ रोजी तिला जाळले. घरच्यांच्या जबान्यांतून मेलेल्या भावाचेही नाव कागदावर आले. कागदावर नाव आले की मरणानेही सुटका नसे. मृताला दोषी ठरवले की त्याच्या वारसांची मालमत्ता जप्त करता येई.

[दृश्य : से कॅथेड्रलजवळची मोकळी जागा.]

आदिलशहाचा जुना वाडा इथे होता. गोव्यात इन्क्विझिशन आणा, असे फ्रान्सिस झेवियरने १५४६ मध्येच पोर्तुगालच्या राजाला लिहिले होते. न्यायपीठ प्रत्यक्षात आले १५६० मध्ये, झेवियरच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, आणि या वाड्यात बसले. आफ्रिकेच्या टोकापासून मकावपर्यंतचा मुलूख त्याच्या हाताखाली. आपल्याकडचे वसई, चौल, ठाणेही त्यातच.

याचे काम कसे चाले ते नीट पाहायला हवे. 'धर्मवेडे क्रूर होते' एवढे म्हणून भागत नाही. वेड असते तर ते ओसरले असते. हे दफ्तर अडीचशे वर्षे चालले.

सुरुवात गुप्त तक्रारीने. आरोपीला तक्रारदाराचे नाव सांगत नसत, आरोपही सांगत नसत. अटक होताच मालमत्तेची यादी. मग पहिला प्रश्न : तुला इथे का आणले, ठाऊक आहे का? ठाऊक नसेल तर आठव. अशा तीन समजावण्या, आणि प्रत्येक वेळी ख्रिस्ताच्या दयेची आठवण. त्यानेही भागले नाही तर दोर. हात पाठीमागे बांधून कप्पीने वर ओढायचे आणि जमिनीला पाय टेकायच्या आत झटका देऊन थांबवायचे. नाहीतर बाकावर निजवून हातापायांना दोऱ्या बांधून काठीने पीळ द्यायचा. शेजारी वैद्य हजर. छळात दिलेली कबुली तशीच ग्राह्य नसे. नंतर, छळाच्या खोलीबाहेर, ती पुन्हा वदवून घ्यावी लागे. नियम असे काटेकोर.

खरी मेख पुढे आहे. पुरेशा साक्षी असताना जो 'मी निर्दोष आहे' म्हणत राही, तो हट्टी ठरून जाळला जाई. कबूल करणारा सहसा वाचे, पण कबुली पूर्ण हवी. म्हणजे सोबत्यांची नावे हवीत. तक्रार कोणी केली हे ठाऊक नाही, त्यामुळे नावे अंदाजाने द्यायची. एक जरी राहिले तर कबुली अपुरी, आणि अपुरी कबुली म्हणजे पुन्हा चिता. साहजिकच माणसे भाऊ, नवरा, शेजारी, सगळ्यांची नावे देत सुटत, आणि प्रत्येक नावाचा नवा खटला होई. खरे बोलणारा मरे आणि खोटे बोलणारा जगे.

शार्ल देलाँ हा फ्रेंच वैद्य स्वतः कॅथलिक होता. बाप्तिस्मा आणि मूर्ती यांवर दमणमध्ये काही बोलला, म्हणून १६७३ मध्ये धरला गेला आणि गोव्याच्या कोठडीत पडला. सुटल्यावर त्याने सगळे लिहून ठेवले. जानेवारी १६७६ ची मिरवणूक त्याने आतून पाहिली. पहाटे कॅथेड्रलची घंटा, अनवाणी कैद्यांची रांग. जाळायच्या माणसाच्या अंगरख्यावर त्याचेच चित्र रंगवलेले, खाली पेटते निखारे, भोवती सैतान. शेवटच्या घटकेला कबुली दिली असेल तर अंगरख्यावरच्या ज्वाळा उलट्या, टोके खाली. सगळ्यांपुढे झेंडा. त्यावर संत डोमिनिक, एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात ऑलिव्हची फांदी. शब्द दोनच : न्याय आणि दया.

दया नुसती झेंड्यावर नव्हती, निकालपत्रातही होती. पाद्र्याने रक्त सांडायचे नाही, असा चर्चचा नियम. म्हणून न्यायपीठ मृत्युदंड देतच नसे. ते माणसाला सरकारच्या हवाली करी आणि याच्याशी दयेने वागा, अशी लेखी विनंती करी. ती विनंती खरी मानून कैद्याला सोडणारा अधिकारी स्वतःच पाखंड्यांचा पाठीराखा ठरला असता. 'मी ख्रिस्ती म्हणून मरतो' असे म्हणणाऱ्याला आधी गळा आवळून मारत, मग जाळत. यालाही दयाच म्हणत.

[दृश्य : उघडे बायबल, मत्तयाचे शुभवर्तमान.]

याच पुस्तकात 'आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा' हे वाक्य आहे. लूकच्या नवव्या अध्यायात येशूला थारा न देणाऱ्या गावावर शिष्य आकाशातून अग्नी मागतात. येशू शिष्यांनाच दटावतो. मत्तयाच्या तेराव्या अध्यायात निदणाचा, म्हणजे शेतातल्या तणाचा, दाखला आहे : निदण उपटायला जाल तर गहूही उपटेल, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. इतके स्पष्ट असताना चिता रचल्या कशा?

उत्तर चौथ्या-पाचव्या शतकात आहे. चर्चचा मोठा विचारवंत ऑगस्टीन आधी सक्तीच्या विरोधात होता. उत्तर आफ्रिकेतल्या डोनाटस पंथीयांशी, म्हणजे चर्चपासून फुटलेल्या ख्रिस्त्यांशी, झगडताना त्याचे मत फिरले. येशूच्या मेजवानीच्या दाखल्यातला धनी चाकराला सांगतो, लोकांना आत येण्यास भाग पाड. ऑगस्टीनने ते वाक्य उचलले आणि सक्ती हेही प्रेमच ठरवले, बाप मुलाला मारतो तसे. पुढे चर्चचा दुसरा विचारवंत थॉमस अक्वायनस याने खोटी नाणी पाडणाऱ्याचे उदाहरण दिले : त्याला देहदंड मिळतो, मग श्रद्धा बिघडवणाऱ्याला का नको? निदणाच्या दाखल्यावरही त्याचे उत्तर तयार होते : निदण ओळखू येत असेल तर उपटायला हरकत नाही. योहानाच्या शुभवर्तमानातल्या वाळलेल्या, अग्नीत टाकलेल्या फांद्यांची भर पडली. म्हणजे प्रेमाची शिकवण कोणी विसरले नव्हते. तिचाच आधार घेऊन दंडसंहिता रचली गेली.

गोव्यात पुढे ज्यूंपेक्षा बाटलेल्या स्थानिकांवर जास्त नजर होती. १७३६ च्या फर्मानात घरापुढे तुळस नको, हिंदूंसारखा बिनमिठाचा भात नको, पुरुषांनी धोतर आणि बायकांनी चोळी नको, अशी बारीक यादी आहे. भातात मीठ घातले की नाही हे बाहेरच्याला कसे कळणार? तक्रार घरातूनच यायला हवी.

१७७४ पर्यंत सोळा हजारांवर माणसांचे खटले झाले. इतिहासकारांच्या हिशेबाने जाळली गेलेली ५७. आणखी ६४ जणांच्या नुसत्या प्रतिमा जाळल्या, कारण ती माणसे पळालेली किंवा मेलेली. बाकीच्यांच्या वाट्याला कैद, गलबतावरची वल्ही, जप्ती.

विरोध आतूनही झाला. आंतोनियो व्हिएरा हा जेझुइट पाद्री पोर्तुगालमध्ये स्वतः इन्क्विझिशनच्या कैदेत राहिला. सुटल्यावर रोमला जाऊन त्याने रदबदली केली आणि १६७४ मध्ये पोपने पोर्तुगालच्या इन्क्विझिशनचे काम थांबवले. १६८१ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. गोव्याचे न्यायपीठ १७७४ मध्ये बंद पडले, चार-पाच वर्षांत परत उघडले आणि १८१२ मध्ये कायमचे मिटले. तेव्हा पोर्तुगीज दरबार नेपोलियनच्या भीतीने ब्राझीलला पळालेला आणि इंग्रजांच्या आधारावर जगत होता. गोव्यात सर्व पंथांना मोकळीक द्यायची, हे कलम १८१० च्या इंग्रज-पोर्तुगीज व्यापारी करारात गोवा बंदर खुले करण्याच्या अटीला जोडून आले होते.