दहा हजार नावे आणि अर्ध्या तासाची भेट

पडद्यावर सरकणाऱ्या या यादीत एका ऑनलाइन व्यावसायिक समुदायाच्या सदस्यांची दहा हजार नावे आहेत. प्रत्येक नावासमोर हुद्दा आहे, अनुभवाची वर्षे आहेत आणि नखाएवढे एक छायाचित्र आहे. यांतील प्रत्येकाची प्रत्येकाशी ओळख करून द्यायची म्हटले, तर ४ कोटी ९९ लाख ९५ हजार जोड्या होतात. प्रत्यक्षात मात्र अशा व्यावसायिक समुदायांत वर्षानुवर्षे सदस्य असूनही कोणाशीच दोन शब्द न बोललेली माणसे सर्रास आढळतात.

यात त्या माणसांचा दोष फारसा नाही. ऑनलाइन समुदायांत साधारण ९० टक्के सदस्य केवळ वाचतात, ९ टक्के अधूनमधून लिहितात आणि बहुतेक लेखन उरलेल्या १ टक्क्याकडून होते, असा ढोबळ नियम संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये मांडला होता. माणसाला सुमारे १५० जणांशीच खरेखुरे संबंध टिकवता येतात, हा मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांचा अंदाज तर १९९२ पासून चर्चेत आहे. या आकड्यावर वाद आहेत, पण तो दहा हजारांच्या आसपास नेण्याचे धाडस कोणी केलेले नाही. गर्दी वाढली की ओळखी आपोआप वाढतील, ही समजूत म्हणूनच सोडून द्यावी लागते.

१९८५ मध्ये स्टुअर्ट ब्रँड आणि लॅरी ब्रिलियंट यांनी कॅलिफोर्नियात ‘द वेल’ नावाचा संगणकीय संवादसमुदाय सुरू केला. तो एका व्यवसायापुरता नव्हता, तरी त्याचे उदाहरण येथे उपयोगी पडते. तेथे प्रत्येकाची खरी ओळख नोंदलेली असे आणि सॉसालिटो येथील कार्यालयात दरमहा मेळावा भरे. पडद्यावर हिरिरीने वाद घालणारी माणसे तेथे समोरासमोर उभी राहत. अर्थात, बरेचसे सदस्य जवळपास राहणारे होते, म्हणून हे जमले.

सदस्य देशोदेशी विखुरलेले असतील, तेव्हा अनेक समुदाय जोड्या लावण्याचा मार्ग धरतात. दर पंधरवड्याला इच्छुकांची नावे घ्यायची, चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोघादोघांना एकत्र आणायचे आणि अर्धा तास बोलायला सांगायचे, एवढीच ही पद्धत आहे. ऐकायला सोपी असलेली ही पद्धत बारीकसारीक गोष्टींवर अडते. एकदा भेटलेली जोडी पुन्हा लागू नये, म्हणून मागील नोंदी ठेवाव्या लागतात. एकाची सकाळ ही दुसऱ्याची मध्यरात्र असेल, तर ती जोडी कागदावरच राहते. सर्वांत जास्त भेटी मात्र एका क्षुल्लक कारणाने हुकतात: आधी कोणी लिहायचे, हे ठरलेले नसते आणि दोघेही संकोचाने दुसऱ्याची वाट पाहत बसतात. त्यामुळे जाणता संयोजक दोन्ही नावे कळवतानाच पहिला निरोप कोणी पाठवायचा, हेही स्पष्ट लिहितो.

भेट झाल्यावर बोलायचे काय, हा पुढचा प्रश्न आहे. मानसशास्त्रज्ञ आर्थर एरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अनोळखी जोड्यांना ४५ मिनिटांसाठी हळूहळू अधिक वैयक्तिक होत जाणारे प्रश्न दिले होते, आणि नुसत्या वरवरच्या गप्पा मारणाऱ्या जोड्यांपेक्षा त्यांना परस्परांविषयी अधिक जवळीक वाटली. व्यावसायिक भेटीत इतक्या खोलात शिरण्याची गरज नसते. परंतु ‘आपण काय करता?’ याऐवजी ‘सध्या कोणत्या कामात अडकला आहात?’ असे विचारले, तर उत्तरात हुद्द्याऐवजी माणूस येण्याची शक्यता वाढते.

तरीही एका भेटीकडून अवाजवी अपेक्षा ठेवू नये. कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांच्या अभ्यासानुसार ओळखीचे रूपांतर साध्या मैत्रीत होण्यास सुमारे ५० तासांचा सहवास लागतो. अर्ध्या तासाच्या हिशोबाने या शंभर भेटी होतात, आणि दर पंधरवड्याला माणूस बदलत गेला, तर तो पल्ला कधीच गाठला जाणार नाही. यासाठी पाच-सहा जणांचे स्थिर गट अधिक उपयोगी पडतात, असे आम्हांला वाटते. सहा जणांत जोड्या होतात केवळ १५, आणि एखादा गैरहजर राहिला तर ते लगेच लक्षात येते.

सर्वांनाच मैत्री हवी असते, असेही नाही. सैल ओळखींमधून नव्या संधींची माहिती पोहोचते, हे समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच मांडले होते. लिंक्डइनच्या दोन कोटींहून अधिक सदस्यांवरील, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही नोकरी बदलण्यास अगदी निकटच्या नात्यांपेक्षा मध्यम सैल ओळखी अधिक साहाय्यक ठरल्याचे दिसले. मात्र पहिल्याच भेटीत नोकरी मागणारा किंवा काही विकू पाहणारा सदस्य समोरच्याला पुढील फेरीपासून कायमचा दूर करतो. म्हणूनच ओळख करून देण्यापूर्वी दोघांचीही संमती आणि भेटीचे कारण विचारून घेणे, हे संयोजकाचे सर्वांत नाजूक काम असते.

या पंधरवड्याची यादी आता तयार झाली आहे. इच्छुकांची संख्या विषम आल्याने एक नाव जोडीविना उरले आहे, आणि त्या सदस्याला पहिला निरोप संयोजकच लिहीत आहे.