फिल्टर काढला का? फिल्मवर केलेल्या ग्रुप प्रोजेक्टची गोष्ट

(टेबलावर १६ एमएमचं रिकामं स्पूल. ते हातात घेऊन.)

नमस्कार मंडळी! हे स्पूल बघा. यावर १०० फूट फिल्म बसते. १६ एमएमच्या एका फुटात ४० फ्रेम, म्हणजे एकूण ४,०००. सेकंदाला २४ फ्रेमने कॅमेरा चालवला, की २ मिनिटं ४६ सेकंदांत रोल संपला.

कॉलेजच्या ग्रुप प्रोजेक्टला आम्हा पाच जणांना असे तीन रोल मिळाले होते. विषय जुन्या नाशकातले तांबट. सकाळी गोदाघाटावर पाणी भरणारे हंडे-कळश्या, मग भांडी बाजारातली दुकानं आणि शेवटी मागच्या बोळात, जिथे हंडा घडतो तिथे. कॅमेरा चावीचा, बोलेक्स. पूर्ण चावी दिली की साधारण २८ सेकंद चालतो आणि थांबतो. त्यापेक्षा लांब शॉट घेताच येत नाही.

रोल कमी पडतील याची धास्ती सगळ्यांनाच होती, त्यामुळे तालमी भरपूर केल्या. पण आमचं अडलं भलतीकडेच. फिल्मवर आपण काय टिपतोय ते शूटिंगच्या वेळी कुणालाच दिसत नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं ते लेन्समधून आलेलं दृश्य. फिल्मवर काय उमटलं ते रोल लॅबमध्ये धुऊन आल्यावरच कळतं. तोवर ग्रुपकडे एकच गोष्ट असते, एकमेकांनी सांगितलेलं.

मी कॅमेऱ्यावर होते. रामकुंडाजवळ ऊन एवढं, की प्रकाश मोजणाऱ्या मीटरने एफ २२च्याही पुढचा आकडा दाखवला. एफ म्हणजे लेन्सचं भोक किती उघडायचं त्याचा आकडा; आकडा मोठा, तेवढं भोक लहान. आमची लेन्स तिथेच संपते. आणि फिल्म होती २५० एएसएची, एएसए म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील त्याचा आकडा. म्हणून मी तीन स्टॉपचा एनडी फिल्टर लावला. एनडी म्हणजे रंग न बदलता नुसता प्रकाश कमी करणारा फिल्टर. तीन स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा, त्याचा निम्मा, आणि पुन्हा निम्मा. आठवा हिस्सा उरतो.

तिथून आम्ही बोळात गेलो. खोलीत दारातून येईल तेवढाच उजेड. काका मठारकाम करत होते. लाकडी ठोकळ्यावर हंडा फिरवत एकामागून एक ठोका, सगळे ठोके एका अंतरावर. मीटर धरणाऱ्या मित्राने सांगितलं, "एफ २." मी एफ २ लावला, चावी दिली आणि अख्खा रोल तिथे संपवला.

फिल्टर आतच राहिला होता.

(कॅमेऱ्याची बाजू दाखवत, फिल्टरची पट्टी बाहेर काढून.)

ही बारीक पट्टी बघा. ती लेन्सच्या मागे, व्ह्यूफाइंडरकडे प्रकाश वळवणाऱ्या प्रिझमच्याही मागे, फिल्मच्या तोंडाशी बसते. त्यामुळे व्ह्यूफाइंडरमध्ये दृश्य आधीसारखंच उजळ दिसतं. मित्राचा आकडा बरोबर होता. वहीत लिहिणारीने "एफ २" लिहिलं, तेही बरोबर. फिल्टरची गोष्ट फक्त मला माहीत होती, आणि ती मी कुणाला सांगितलीच नव्हती.

तीन आठवड्यांनी स्कॅन आले. घाट सुंदर. दुसऱ्या रोलवर अंधार, आणि त्यात तांब्याची एक चकाकती कड. निगेटिव्हवर प्रकाश थोडा जास्त पडला तर पुष्कळदा निभावतं, पण जिथे प्रकाश पोचलाच नाही तिथून नंतर काही काढता येत नाही. काकांचे हात त्या रोलवर नव्हतेच. मला फार वाईट वाटलं, कारण त्यांनी आमच्यासाठी अर्धा दिवस काम हळू केलं होतं.

हे सगळं नाशकात घडलं म्हणून मला फाळके आठवतात. दादासाहेबांचा जन्म इथल्याच त्र्यंबकेश्वरचा, १८७० सालचा. 'राजा हरिश्चंद्र' १९१३मध्ये लागला. त्या काळी कच्च्या फिल्मच्या कडेची भोकंही घरी पाडावी लागत, आणि अंधारात बसून ते काम सरस्वतीबाई फाळके करायच्या. एक भोक चुकलं तर फिल्म कॅमेऱ्यात नीट सरकणार नाही. शाळेत आपल्याला दादासाहेबांचं नाव शिकवतात. सरस्वतीबाईंचं नावही त्याच धड्यात हवं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

तर आमचा तिसरा रोल. तो अजून कॅमेऱ्यातच होता, २० फूट शिल्लक. हिशेब केला, ३३ सेकंद. म्हणजे एक चावी, एक शॉट. वहीत आम्ही 'फिल्टर' असा नवा रकाना आखला. आणि ठरवलं, की जो जे बदलेल ते त्याने मोठ्याने बोलायचं, लिहिणारीने तेच शब्द परत म्हणायचे आणि मगच लिहायचे. तुम्ही फिल्मवर काही करणार असाल तर एवढं नक्की करा. मोबाइलवर शूट करत असाल तरी हरकत नाही, सवय लागते.

पुन्हा बोळात गेलो. काका म्हणाले, "मागचं बिघडलं का गं?" मी हो म्हटलं, काय झालं तेही सांगितलं. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि नवा हंडा ठोकळ्यावर चढवला.

"एफ २."

"एफ २."

"फिल्टर?"

"काढला. हा बघ, माझ्या हातात आहे."

(वही कॅमेऱ्यासमोर धरून.)

हे ते पान. रोल ३, शॉट ११. शेवटच्या रकान्यात बघा, अक्षर तिचं आहे.